आग्नेय कोपरा

हेरेकर टीचरांच्या घराचा पहिला ओळंबा मी सोडला.
बाचीच्या वर, माळाच्या चढावर,
जिथं पाटी होती एकदा कन्नडमध्ये, एकदा मराठीत,
आणि त्याखाली नुसतं चित्र :
हिरवळ, पांढरं घर, एक कुत्रा.
हिरवळ खोटी होती. कुत्रा नंतर आला.

टीचर म्हणाल्या, स्वयंपाकघर आग्नेयेलाच पाहिजे.
केलं. कोपरा काटकोनात, कट्टा काळ्या कडप्प्याचा.
हॉलला पश्चिमेकडं भिंतभर खिडकी,
तिच्यातून सगळा उतार,
गवत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळणारं.
"केवढा व्ह्यू आहे, लुमाण्णा!"
मी म्हटलं, "व्हय की."
मला दिसत होतं कुसळ.

सत्याप्पा धनगर संक्रांत सरली की यायचा,
दव असतानाच जाळायचा पट्टा, दहा पावलं रुंद,
दोन्ही अंगाला दोन पोरं, हातात ओले डहाळे.
उरलेलं मेंढरं खायची.
लेआऊट झाल्यावर गेट झालं, गेटला वॉचमन झाला,
वॉचमननं मेंढरं परतवली,
रस्त्यावर लेंड्या पडतात म्हणे.
त्या साली गवत माझ्या कमरेला लागलं.
सत्याप्पा गेटाबाहेरूनच बोलला,
"गवंड्या, घर नव्हं गा हे, चूल मांडलाईस तू.
खालनं फुंकर बसली की झालं."
मी हसलो.
शंभर पोती सिमेंट उतरून घ्यायचं होतं.

आग शिनोळीच्या अंगानं आली, दुपारी तीनला,
नैर्ऋत्येकडून.
लोकांना वाटतं ती पाण्यासारखी खाली उतरेल.
आग चढाची आहे.
सपाटीला रेंगाळते, चढ लागला
की शाळा सुटलेल्या पोरासारखी वर सुटते.

फोन लावला. पलीकडून, "याव ऊरु री?"
सांगितलं.
मग विचारलं, बेंकी हद्दीच्या अलीकडं का पलीकडं?
पलीकडं चंदगड, तिकडचा बंब वेगळा, साहेब वेगळा.
मी बघितलं.
धुरात सर्व्हे नंबर दिसत नाहीत.
"दोन्हीकडं," म्हटलं.
म्हणाले, थांबा, विचारून सांगतो.

रस्ता एकच. त्याच्यावर चार गाड्या,
तोंडाला तोंड लावून.
टीचर चालत उतरल्या, पायात घरातल्या सपाता,
काखेत खरेदीखताची फाईल.
कुत्रा पुढं, त्या मागं.

दुसऱ्या दिवशी गेलो.
गच्चीवर काळी टाकी वितळून बसली होती, म्हशीसारखी.
झोपाळ्यावरचं शोभेचं गवती छप्पर गेलं होतं.
ते माझ्याच हातचं, वरखर्चाचे पैसे वेगळे घेतलेले.
तिथनंच आत शिरली असणार.
हॉल नव्हता. खिडकी नव्हती. व्ह्यू होता, काळा.
आग्नेय कोपरा तेवढा शाबूत,
शेगडीवर दुधाचं भांडं, वर झाकण.
दूध नासलं होतं. उतू गेलं नव्हतं.

सवयीनं भिंतींना ओळंबा लावला.
सूतभर ढळल्या नव्हत्या.
ते बघून मला बरं वाटलं,
वाटायला नको होतं.

वळीव पडायच्या आधी टीचरांचा फोन,
"तिथंच बांधायचं. फंडाचा पैसा सगळा त्यात गेला,
आता दुसरी जागा कुठली घेऊ मी?"
मला उत्तर येईना.
हो म्हटलं. माझ्याही पोराची फी होती.

पण ह्या खेपेला आधी पाया नाही आखला.
खाली वाड्यावर गेलो, विचारायला,
घराभोवती किती पावलं माती उघडी ठेवायची,
गेट किती रुंद केलं म्हणजे कळप अडणार नाही.
बिल्डर ऐकेल का, ते नंतर.
सत्याप्पा मेंढरं मोजत होता.
मोजणाऱ्याला मधे बोलवू नये.
मी दोरी हातात गुंडाळून
कुंपणाशी उभा राहिलो.