तडवींचा दात

भंगारवाल्या रज्जाकनं ते किलोवर दिलं,
पितळेचा भाव लावून.
आत तांबं आहे हे त्याला माहीत नव्हतं, मलाही.
खडका रोडच्या माझ्या लेथवर, ऐन मे महिन्यात,
पंख्याचं वारं उन्हाहून गरम असताना
मी ते कॉफीचं मशीन खोललं.

इटलीचं, एवढंच वाचता आलं.
पुढची अक्षरं कुणीतरी विटकरीनं घासून घासून
चकचकीत पुसून टाकलेली.

बॉयलरमध्ये हात घातला तर दगड.
आमचंच पाणी, थरावर थर,
कुठल्या सालची तापी कोण जाणे.
लिंबूफूल घालून रात्रभर ठेवलं.
सकाळी बादलीत मळकट फेस,
आणि खाली तांबं,
दिवाळीत घासलेल्या बंबासारखं.

गॅस्केट मिळेना. पुण्याच्या माणसानं भाव सांगितला,
मी फोन ठेवला.
मग हापशाचा वायसर आठवला.
म्हशीचं चामडं, एरंडेलात मुरवलेलं,
लेथवर नाही, मांडीवर घेऊन कापलं.
हापसा पाणी वर ओढतो, हे खाली दाबतं.
कूळ एकच,
दोघांनाही माणसाचा खांदा लागतो.

भाची म्हणाली, मामा, चालू तर करून पाह्य.
कॉफी नव्हती. नुसत्या पाण्यावर
दांडा ओढला आणि सोडला.

ट्यूबलाइट फुटली.
कानाजवळून काय गेलं ते काचा झाडताना कळलं.

तिसऱ्या दिवशी यावलहून, एसटीनं,
नामदार तडवी आले. ऐंशीच्या पुढचे.
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या काउंटरमागे बारा वर्षं काढलेले.
मशीनला हात लावला नाही.
वरचा ओठ उचलून दाखवला:
समोर एका दाताची जागा.
"हिनंच पाडला. सत्तर साली, नाताळच्या नाचात.
साहेब लोक आधी हसले, मग बर्फ दिला."

एवढी पक्की पावती
माझ्याकडेही नव्हती.

केटरर सुपडूकडून लग्नातली कॉफी आणली,
निम्मी चिकोरीच.
तडवींनी ती पावशेराच्या वजनानं दाबली,
कान लावून, जणू काही ऐकू येणार होतं.
दांडा खाली घेतला. धरून ठेवला.
"थांब भो. चावू दे तिला."
आणि सोडला.

दांडा उठला,
म्हैस बसल्या जागेवरून उठते तसा,
थांबत, विचार करत.
खाली कपात दोन बोटं काळं, वर तपकिरी साय.

रज्जाकनं घोट घेतला, म्हणाला, ही तर दवाई.
तीन चमचे साखर घालून संपवली मात्र.
तडवी प्यायले नाहीत.
तेव्हाही चाखली नव्हती, म्हणाले,
आता कशाला.

दांडा पूर्ण वर जाईतो
त्यांनी मान डावीकडे वळवून धरली होती.
पन्नास-पंचावन्न वर्षांची सवय.
तिकडे भिंतीवर पाहण्यासारखं काही नाही,
टायरवाल्याचं जुनं कॅलेंडर आहे.
मीही तिकडेच पाहत होतो.
भाचीसुद्धा.