हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात ग्रिम्सबीच्या कचेरीत जातो,
जिवंत आहे म्हणून सांगायला.
काउंटरवरची मुलगी माझं जन्मसाल टाकते,
यंत्र ते परत थुंकतं.
पुन्हा टाकते, पुन्हा तेच.
असू दे, बाई, म्हणतो,
तुझ्या आधीची होती ना, तिचंही असंच व्हायचं,
आणि तिच्या आधीचीचंही.

मी कुणी मोठा नव्हे.
नरहर खटावकर, शीतगृह क्रमांक चार,
रात्रपाळीला मासळीचं तापमान वहीत लिहिणारा.
शेजारच्या खोलीत डॉक्टर प्रिंगल
कॉडच्या रक्तातून काहीबाही गाळत बसायचा.
एकदा म्हणाला, सुई टोचून घेतोस? पाच पौंड देईन.
पाच पौंड म्हणजे घरची एक मनिऑर्डर.
मी बाही वर केली.
एवढीच माझी शौर्यकथा.

औषध मांसाला लागू पडलं, दातांना नाही.
सध्या सातवी कवळी चालू आहे.
आणि त्या दिवशी गुडघा दुखत होता,
म्हणून तो दुखतच राहिला.
त्या मंगळवारचं दुखणं अजून ताजं,
बर्फातल्या माशासारखं.

वडील पत्राच्या मायन्यात लिहायचे,
चि. नरहर यास अनेक उत्तम आशीर्वाद.
त्या 'चि.'पुढचं टिंब
कुणी एवढं मनावर घेईल,
असं त्यांनाही वाटलं नसणार.

डोरीनशी लग्न केलं.
ती साठीची झाली तेव्हा लोक मला तिचा मुलगा समजत,
ऐंशीत, नर्स.
पुढे एका संध्याकाळी तिनंच विचारलं, तू कोण रे?
मी बराच वेळ आठवून पाहिलं
आणि म्हणालो, खालच्या मजल्यावरचा.
बरं, म्हणाली ती, मग जरा पडदा ओढ.
पडदा ओढला.
त्यालाही आता, किती, शंभर? सव्वाशे?
मोजत नाही.

मोजतो ते वेगळंच. झोप आली नाही की
औटकी म्हणतो: एक औट औट, बे औट सात…
हे पाढे येणारा पृथ्वीवर दुसरा कुणी नसावा,
त्यामुळे चुकलो तरी बरोबरच.
तांदूळ धुवायच्या त्या भोकाभोकांच्या टोपलीला
रोवळी म्हणत.
शब्द आहे, रोवळी हलवणारा आईचा हात आहे,
चेहरा नाही.
तो पाण्याबरोबर खाली गेला.

मध्यंतरी दोघं आले होते, करडे कोट घातलेले.
यान निघालंय, चारशे वर्षांचा प्रवास,
तुमच्यासारखाच माणूस हवा, म्हणाले.
काम काय? विचारलं.
झोपलेल्यांचं तापमान लिहायचं.
ते मी इथे माशांचं लिहायचोच की, म्हटलं,
आणि त्यांना चहा दिला.
एकानं प्यायला.

या वर्षी फॉर्म नवा आहे.
साक्षीदार पाहिजे,
किमान दोन वर्षं ओळखणारा, अठराच्या वरचा.
शेजारची इमोजेन तेरा वर्षांची.
कीथ टास्कर होता,
जन्मला तेव्हा टॉवेलात गुंडाळून
पहिल्यांदा माझ्याच हातात दिलेला,
तो शुक्रवारी गेला. एक्क्याण्णव.
त्याच्या दाखल्यावर मृताशी नातं विचारलं होतं.
शेजारी, लिहिलं.
रकाना लहान होता.

मुलगी पेनचं टोपण चावत राहिली.
मग म्हणाली, दोन वर्षांनी या ना.
तोवर मी ओळखत असेन तुम्हाला.
आणि पेन्शन? म्हटलं.
ते काय, अडकेल थोडं, म्हणाली.
तुम्हाला घाई आहे का?

मला हसू आलं, मग आलं नाही.
दोन वर्षं.
तिचं नाव वाचण्यासाठी वाकलो: ओल्वेन.
तिला सर्दी झालेली, नाक लाल,
टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद काळं पडत चाललेलं.
मफलर घालत जा, म्हणालो,
उगाच, थोडं रागावूनच.

बाहेर भरती होती.
फ्रीमन स्ट्रीटवर पाणी घोट्याच्या वर,
बस होडीसारखी हळूहळू येत होती.
जोडे काढून हातात घेतले,
विजार दुमडली.
गुडघा, अर्थातच.