मुद्देमाल क्रमांक सात

कराडच्या कोर्टात मी एकोणीस वर्षं मुद्देमाल सांभाळला.
कोयते, गज, वाळून कडक झालेली बनियनं,
एकदा तर झुंजीतला जिवंत कोंबडा,
तारीख लागेपर्यंत त्याला दाणे माझ्या खिशातून.
प्रत्येकाला सुतळी, लाख, चिठ्ठी:
कुणाकडून जप्त, कुठं, पंच कोण.

क्रमांक सात हे रिव्हॉल्व्हर.
परवान्याचं. तेलाचा वास अजून जाईना.
मसूरच्या वरातीत नवरदेवाच्या चुलत्यानं
पाच वेळा आभाळात आनंद केला.
सहाव्याला हात खाली आला,
बँडात क्लॅरिनेट वाजवत होता तौफिक.

त्याची आई, जैनबी मुलाणी, दर तारखेला यायची.
एकदा म्हणाली, "बघू द्या की जरा."
नियमात बसत नव्हतं. दाखवलं.
न शिवता वाकली.
"ह्येच्यावर काय लिवलंय वो?"
वाचलं मी: कारखाना, गाव, नंबर.
"म्हंजी त्यांनी आपलं नाव घातलंय की.
मग त्यास्नी का न्हाई बोलावलं?"

मी समजावलं, समजावतात तसं.
ओगलेवाडीच्या एका बाईचा कुकर फुटला, हात भाजला,
कंपनीला साताऱ्याला येऊन भरपाई द्यावी लागली.
कारण कुकर सदोष होता.
"आन ह्ये?"
ह्यात दोष नाही, मावशी.
हे जसं चालायला हवं तसंच चाललं.

बोलून गेल्यावर
माझंच वाक्य मला ऐकू आलं.

फाइलीत बिल होतं, सांगलीच्या दुकानाचं.
पन्नास काडतुसं, लग्नाच्या आदल्या आठवड्यात.
कशाला हवीत, कुणी विचारल्याची खूण नाही.
करात राज्याचा वाटा वेगळा दाखवलेला,
पैशापर्यंत चोख.

"तसा कायदा न्हाई?"
नाही.
"कुणी करायचा असतोय?"
मी वर बोट केलं.
वर पंखा होता, बंद.

त्या संध्याकाळी रजिस्टरात पट्टी धरून
शिसपेन्सिलीनं दोन रकाने वाढवले,
बनवणारा. विकणारा.
कोयत्यापुढं काही लिहिलं नाही,
कोयत्यानं ऊसही तुटतो.
सातच्या पुढं मात्र दोन्ही नावं घातली, पूर्ण पत्त्यासकट.

तपासणीचे साहेब म्हणाले, हे नमुन्यात नाही.
खोडलं. जोर लावून खोडावं लागलं.

निवृत्तीच्या दिवशी नव्या पोराला सगळं मोजून दिलं.
म्हटलं, सातव्या ओळीला जपून लिही,
कागद पातळ झालाय तिथं,
शाई मागच्या पानावर उतरते.