पाच ग्रॅम

अंकुश ढोमणेने माझं नवं चाक मशीनवर घेताना
जबड्यांना आधी प्लास्टिकच्या टोप्या चढवल्या,
संत्र्याच्या पेटीत गवत अंथरतात तेवढ्या निगुतीनं.
"दात लागला तं गेलं समजा, मॅडम.
लोखंडाचं रिम ठोकून सरळ होते. अलॉय नाही होत."

मला हे कळतं.
तेवीस वर्षं मी कॉलेजच्या लॅबमध्ये वजनपेटी सांभाळते.
पितळी वजनं, निळ्या मखमलीतले गोल खड्डे.
बोटांनी उचलायचं नाही, चिमटा घ्यायचा,
घामालाही वजन असतं,
हे दर जुलैत नव्या पोरांना सांगते
आणि दर जुलैत ती हसतात.

चाक फिरलं. लाल आकडे थांबले:
आत पंधरा, बाहेर तीस.
म्हणजे एवढं चकचकीत, काल खोक्यातून निघालेलं,
ज्याच्यासाठी मी दोन भिशा एकदम उचलल्या,
तेही एका अंगाला कललेलंच.
"नवं आहे म्हणून बरोबर असते, असं थोडीच आहे," तो म्हणाला.

क्लिपच्या जुन्या शिशाच्या वजनांचा डबा
त्यानं पायानंच बाजूला सारला.
"हे कडेले ठोकलं का पॉलिश उडते,
मंग पाणी शिरते, अन् मंग पापुद्रे."
रिमच्या पोटात स्पिरिटचा फडका फिरवला,
वाळेपर्यंत थांबला,
करड्या चौकोनांची पट्टी तोडून
आऱ्यांच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशी,
अंगठ्यानं दाबून धरली.
ओठ हलत होते. मीही मोजले. तीस.
नट समोरासमोरचे, आळीपाळीनं, हातानं आवळले.
हवेची बंदूक खुंटीवरच.
"पन्नास किलोमीटरनं परत या, पाहून देतो."

भाचा म्हणाला, मावशी, गाडी अकरा वर्षांची
आणि चाकांचे एवढे लाड?

मानेवाड्याला सिमेंट रोड गल्लीपेक्षा वीतभर उंच आहे.
मे महिना, दुपारचे दोन.
ई-रिक्षाला वाट दिली आणि डावं चाक
कडेला घासत गेलं.
करपलेल्या कढईत उलथनं फिरावं तसा आवाज.
उतरले नाही. कुणी पाहिलं नसेल तर
झालंच नसेल, अशा हिशेबानं घरी आले.

रविवारी वर्धा रोडवर, ऐंशीच्या पुढे,
स्टिअरिंग माझ्या बोटांत कुजबुजू लागलं.
साठवर गप्प. ऐंशीवर पुन्हा.

अंकुशनं चाक उतरवलं.
ओरखड्यावरून एकदा अंगठा फिरवला,
काही बोलला नाही.
मग आत हात घातला. सहातले चार चौकोन गळालेले.
"उन्हानं गोंद सुटला असन," तो म्हणाला,
आणि ते खरं नसलं तरी
मी त्याला चहा पाजला असता.
एक चौकोन आरीच्या बेचक्यात अडकला होता,
तो मला दिला. का, ते त्यालाही माहीत नसावं.

सोमवारी लॅब रिकामी होती.
पेटीतला पाच ग्रॅमचा खड्डा कधीचाच मोकळा आहे,
माझ्या आधीच्या शेंडेबाईंच्या काळापासून.
चौकोन तराजूत ठेवला, चिमट्यानं:
पाच, आणि गोंदाचा, रस्त्याच्या धुळीचा थोडासा.
खड्ड्यात ठेवला. कोपरे बसत नाहीत.
झाकण नीट लागेना,
मग वर जर्नलांचा गठ्ठा ठेवला.