बसलेला बाबा

जुई तुला चित्रात नेहमी बसलेलाच काढते.
शाळेतल्या बाईंनी विचारलं, बाबांना पाय नाहीत का?
मी म्हणाले, आहेत, टेबलाखाली आहेत.
खोटं नव्हतं ते.

दर दुसऱ्या शनिवारी इलफर्डहून
तीन गाड्या बदलून शेपी बेटावर.
पुढची बस चुकली तर टॅक्सीचे अठरा पौंड,
म्हणजे जुईचे बूट पुढच्या महिन्यात.
फोन, किल्ल्या, केसांतला चिमटासुद्धा लॉकरमध्ये.
मग कुत्रा येतो, काळा, गुणी.
जुईला तो फार आवडतो, पण त्याला हात लावायचा नाही.
तुलाही, तसं बघितलं तर,
आल्यावर एकदा, निघताना एकदा. बास.

तू नारंगी बंडीत, जमिनीला खिळवलेल्या खुर्चीवर.
उठायचं नाही, हा नियम.
एकदा खेळण्यांच्या कोपऱ्यात ती धडपडली,
ओठ फुटला, रडली,
तू अर्धा उठलास,
आणि भिंतीजवळच्या माणसाने तुझं आडनाव उच्चारलं.
इतक्या महिन्यांत ते त्याच्या तोंडात काही बसलं नाही.
तू बसलास.

कागदावर दोन वर्ग होते तुझ्यासाठी.
एक वीटकामाचा.
दुसरा तू स्वतः मागून घेतलेला:
ज्याचं माणूस आपल्यामुळे गेलं, त्याला पत्र कसं लिहावं.
वीटकामाचे मास्तर ऑगस्टमध्ये सोडून गेले,
कुलूप लागलं ते लागलंच.
पत्राच्या वर्गाची रांग इतकी लांब
की तिच्याआधी तुझी शिक्षा संपली.

मग शिकलास काय?
किटलीत अंडं उकडायला.
बुटांच्या आवाजावरून आजचा दिवस कसा जाईल ते ओळखायला.
एकाच्या कोठडीत दोघं, म्हणून
कमोडकडे पाठ करून जेवायला.

तेवीस तास आत.
उरलेल्या एका तासात अंघोळ किंवा फोन.
तू फोन घ्यायचास
आणि पहिलं वाक्य ठरलेलं:
आज अंगाला वास येतोय माझ्या.
अरे, फोनवरून कुठे येतो वास,
मी म्हणायचे, आणि मला यायचा.

मिरजेला तुझ्या आईला सांगितलंय, तू स्कॉटलंडला असतोस,
तिथे रेंज नसते.
थंडी फार असेल ना, ती म्हणते, कानटोपी घालतो का?
घालतो, आई.

आणि पेनफोल्ड आजोबा.
पहाटे पाच चाळीस, झेब्रा पट्टे, हातात वर्तमानपत्र.
तुझ्या व्हॅनमध्ये एकशे साठ पार्सलं
आणि डोळ्यांत दोन रात्रींची झोप.
मला कोणी विचारत नाही,
पण मी त्यांना विसरलेले नाही.

मंगळवारी तू आलास.
हातात पारदर्शक पिशवी, दारात उभा.
जुईने वर पाहिलं.
आणखी वर.
आणि माझ्या मागे लपली.
हा माझा बाबा नाही, म्हणाली, हा खूप उंच आहे.

तू काही बोलला नाहीस.
पायपुसण्यावर, चपलांच्या रांगेशेजारी,
पिशवी मांडीवर घेऊन खाली बसलास.
मग ती आली.

गॅस असताना तू किटलीत अंडं टाकतोस, मी टोकत नाही.
काल रात्री दोन वाजता दिवा दिसला.
टेबलावर कोरा कागद. पाठवायची परवानगी नाही,
तरी लिहायला बसलास.
पेनफोल्ड आजींना सुरुवातीला 'प्रिय' म्हणावं का,
इथेच अडलायस.

मलाही नाही माहीत.
कोणीतरी शिकवायला हवं होतं.