वरची हिरडी

एकोणिसाव्या दिवशी भाच्यानं जांभई दिली
आणि घरातली सगळी माझ्याकडे बघायला लागली.

वरच्या हिरडीवर तीन पांढरे कण,
भगरीच्या दाण्याएवढे.
"वरचे आधी आले," कुमुदआत्या म्हणाली
आणि पुढचं गिळलं.
पुढचं दांडिया बाजारात सगळ्यांना पाठ:
वरचे दात आधी, तर मामावर संकट.
मामा मी. एकुलता एक.

मालिशवाल्या जशीबेननी नख पुढे केलं,
"काढून टाकू, भाई? एक मिनिटनुं काम."
कुणी म्हणालं, मध-मीठ चोळा.
आत्यानं काळा दोरा आणला
आणि बाळाला नाही, माझ्या मनगटाला बांधला.

रिक्षात बहीण, तिच्या पदराखाली तो.
विश्वामित्रीच्या पुलाखाली, गाळात,
मगर आ वासून पडलेली,
दात मोजून घ्या म्हणत.
मी केमिस्ट्रीचा माणूस.
तरी मान फिरवली.

डॉक्टर मांकडबाईंनी हातमोज्यातलं बोट
हिरडीवरून फिरवलं, अगदी सावकाश.
"दात नाहीत हे. हिरडी घडताना
आत राहून गेलेल्या पेशी, त्यांच्या गाठी.
त्याला दुखत नाहीत.
काही करायचं नाही."
"काही म्हणजे?" बहीण.
"काहीच. टोचायचं नाही, चोळायचं नाही,
मध तर वर्षभर नाहीच.
काही आठवड्यांत आपोआप जातात,
एखाद्याला दोन-तीन महिने.
पितो ना नीट?"
पितो.
"मग पिऊ द्या."

दाराशी मीच वळलो: यायचं कधी मग?
"गाठ वाढली, निळी पडली,
रक्त, पू, ताप,
दूध तोडलं त्यानं, तर लगेच.
आणि खरंच दात निघाला नि हलत असेल,
तर त्याच दिवशी, घशात जायच्या आत."
मग माझ्या मनगटाकडे बघून,
"माझाही भाऊ मामा आहे. सुरतेला. धडधाकट."

त्यानंतर रोज संध्याकाळी हात धुऊन
मी त्याच्या जांभईची वाट बघत बसायचो.
तीन. तीन. दोन.
मधे युनिव्हर्सिटीच्या परीक्षा लागल्या.
नंतर बघितलं तर हिरडी नुसती गुलाबी.
कधी गेले, कुणालाच सांगता येईना.
दुधाबरोबर गिळले असतील,
आत्याच्या त्या वाक्यासारखे.

दोरा मात्र ती सोडू देत नाही.
म्हणते, खरे दात अजून यायचेत.