परतीची वायर

न्यूलिनच्या मासळी बाजारात पाचला सुरी हातात लागते,
म्हणून हिने साडेचारला सुरू व्हायला हवं.
होते. बहुतेक वेळा.

डेन्झिलने ब्याऐंशी साली ही खोक्यांमधून आणली:
वर फायबरचं अंग, खाली जुन्या कॉर्टिनाची हाडं,
दिवे कुठल्याशा व्हॅनचे,
आरसे कशाचे ते त्यालाही सांगता यायचं नाही.
एक दार बसवलं. दुसऱ्याआधी कंबर गेली.
पुढे सत्तावीस वर्षं कोंबड्या नांदल्या हिच्यात.
मी चारशे पौंडांना घेतली, अंड्यांसकट.

लोक विचारतात, हौसेची का, रविवारची?
नाही हो. सोमवारची.
मागे बर्फाचा खोका आणि माझे रबरी बूट.

फायबरला गंज नाही, म्हणतात.
अंगाला नाही. हाडांना आहे.
तपासणीवाला पेन्गेली दरवर्षी खाली उताणा पडतो,
स्क्रूड्रायव्हरने टोचत टोचत जातो
आणि एका जागी "हं" म्हणतो.
त्या "हं"ला दोनशे पौंड पडतात.

जानेवारीत पुढच्या चाकावर चीर गेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी.
होड्या दुरुस्त करणाऱ्या लव्हडेने काचेच्या चटईचे तुकडे दिले.
"तीन थर दे. आणि थंडीत घाई करू नकोस."
मी केली.
राळ दोन दिवस कच्च्या पाकासारखी बोटांना चिकटत राहिली,
शेवटी केस वाळवायचं यंत्र धरून बसले तिच्यापुढे.
मनगटांत काचेचे तंतू, रात्रभर खाजकुयली.
काटे मला नवे नाहीत,
पण माशाचा काटा निदान दिसतो तरी.

लोखंडी गाडीचं बरं असतं.
वीज दिव्यापर्यंत वायरीने जाते
आणि गाडीच्या अंगातूनच घरी येते,
कुणाला वाट दाखवावी लागत नाही.
हिच्या अंगातून काहीच परत येत नाही.
दिव्यागणिक परतीची वायर वेगळी ओढायची,
आणि एक जरी सैल झाली
तर ब्रेक दाबावा आणि इंडिकेटर मिणमिणावा,
डावीकडे वळायचंय म्हणावं
आणि सगळं शेपूट लुकलुकावं.
मागचा दूधवाला हॉर्न मारतो. त्याचं काय चुकलं?

अख्खा फेब्रुवारी कपाळाला टॉर्च बांधून
मी काळ्या वायरी ओढल्या. तेरा.

मार्चमध्ये डेन्झिलला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं,
वृद्धाश्रमाची गाडी बंद होती.
तो आता फारसा बोलत नाही.
डाव्या दारावरून हात फिरवत गेला,
खालच्या कोपऱ्यात थांबला,
जिथे बोटभर फट आहे
आणि सहा वर्षं मी स्पंज कोंबते आहे.

"बिजागरी उलटी बसलीय तुमची," मी म्हणाले.

बराच वेळ गेला.
"माहीत होतं," तो म्हणाला.
"जेवायला हाक आली होती."

येताना पाऊस. स्पंज भिजून खाली पडला,
थेंब त्याच्या गुडघ्यावर पडत राहिले,
त्याने पाय हलवला नाही.
आश्रमाच्या फाटकाशी मी डावा इंडिकेटर दिला.

डावाच लागला.